जागलीआधी जुन्या दुनाळीची तपासणी: उजव्या नळीचा बार चुकतो आणि नळ्या हलतात

तूरवाला (पांढरकवडा, जि. यवतमाळ) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आजोबांनी घेतलेली विलायती बनावटीची बारा बोअरची दुनाळी बंदूक वडिलांच्या पश्चात रीतसर अर्ज करून माझ्या नावावर झालेली आहे आणि परवान्याची मुदत अजून शिल्लक आहे. सोयाबीन निघाले, हरभरा पेरून झाला, तुरीला फुले धरली आहेत. शेंगा भरू लागल्या की रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचे कळप रोजचे होतात आणि मला वावरातल्या माळ्यावर जागलीला बसावे लागते. गेल्या हंगामात रानडुकरांसाठी वन विभागाची लेखी परवानगी मिळाली होती, यंदाही अर्ज दिला आहे. परवानगी हाती येण्याआधी बंदूक तपासून घ्यावी, म्हणून हे विचारत आहे.

पावसाळाभर ती लाकडी कपाटात, कातडी गवसणीत उभी होती. गवसणीचे तोंड उसवलेले होते, त्याकडे माझे दुर्लक्ष झाले. परवा बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, नळ्या उजेडाकडे धरल्या, तर उजव्या नळीतून आभाळ दिसले आणि डावीतून काहीच दिसेना. तोंडापासून चार बोटे आत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. गज घालून ती माती काढली तेव्हा तिच्यासोबत वाळलेल्या हिरव्या अळ्या पडल्या. न पाहता काडतूस भरले असते तर काय झाले असते, हा विचार तेव्हापासून मनातून जात नाही.

आता मुख्य अडचणी सांगतो. गेल्या हंगामात उजव्या नळीत पाचपैकी दोन काडतुसांचा बार उडालाच नाही. तीच काडतुसे नंतर डाव्या नळीत घातली तेव्हा उडाली. दुसरे असे की, बंदूक बंद करून कानाजवळ हलवली की नळ्यांच्या बुडाशी बारीक टकटक ऐकू येते. दस्त्याला (मागच्या लाकडी भागाला) मुठीच्या मागे केसासारखी चीर दिसते. गावातील वेल्डर बिजागरीला आतून टाका मारून देतो म्हणतो आणि चुलतभावाचे म्हणणे असे की यंत्रात जवसाचे तेल सोडले की सगळे सुरळीत होईल. वडीलही जवसाचेच तेल लावत असत. माझ्याजवळ गेल्या वर्षीची बारा काडतुसे उरली आहेत, त्यांवर 70 मिमी छापलेले आहे आणि त्यांतील दोन किंचित फुगल्यासारखी वाटतात. घरी काय तपासता येईल आणि कोणत्या गोष्टीला हात लावू नये, हे जाणकारांनी सांगावे.

नळीपारखी (नागपूर) यांचे उत्तर

तूरवाले भाऊ, सर्वांत आधी दोन गोष्टी थांबवा. वेल्डरकडे जाऊ नका आणि ती बारा काडतुसे मी पुढे सांगतो ते पाहिल्याशिवाय या बंदुकीत घालू नका. परवानाधारक दुकानात दुरुस्तीच्या पाटावर माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि खराब झालेल्या ज्या दुनाळ्या माझ्यासमोर आल्या, त्यांतील बहुतेक वापराने नव्हे, तर अशाच घरगुती उपायांनी खराब झालेल्या होत्या.

वेल्डिंगचे कारण समजून घ्या. दुनाळीच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामधल्या वरच्या-खालच्या पट्ट्या बहुधा कथिलाच्या डाकाने जोडलेल्या असतात आणि हा डाक साधारण 200 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतो. बिजागरीजवळ वेल्डिंगची ठिणगी पडली की ती आच नळ्यांच्या बुडापर्यंत पोहोचते, पट्टी सुटते, आत पाणी आणि तेल शिरते आणि नळी पट्टीखालून गंजू लागते. शिवाय शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार शस्त्रदुरुस्तीचा व्यवसाय करायला वेगळा परवाना लागतो. गावातील वेल्डरने टाका मारून दिला तर तो आणि तुम्ही, दोघेही अडचणीत येता. नळ्या कापून आखूड करण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही ऐकू नका. कलम 6 त्याबद्दलच आहे.

पट्टी सध्या शाबूत आहे की नाही हे मात्र घरी कळते. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, पुढचे लाकूड काढा, नळ्या वेगळ्या करा, बुडाच्या आकड्यात एक बोट अडकवून त्या मोकळ्या लोंबकळू द्या आणि दुसऱ्या हाताच्या नखाने हलकी टिचकी मारा. डाक शाबूत असेल तर देवळातील लहान घंटेसारखा स्वच्छ, लांबणारा नाद येतो. पट्टी कुठे सुटली असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो. हा नाद एकदा ऐकला की माणूस विसरत नाही.

नळ्या हातात आहेतच तर त्या खिडकीकडे धरून सावकाश फिरवत आत पाहा. स्वच्छ नळीत उजेडाची गोल कडी अखंड दिसते. ती जिथे मोडते किंवा वाकडी होते तिथे बाहेरून पोचा असतो, आणि जिथे काळी रुंद कडी दिसते तिथे फुगवटा असण्याची शक्यता असते. मातीचे घर काढलेली जागा विशेष निरखा. तुम्ही त्या नळीत बार उडवला नाही हे फार चांगले झाले, कारण नळीत अडथळा असताना बार उडाला तर त्या ठिकाणी नळी फुगते किंवा फाटते आणि बंदूक धरणाऱ्याला इजा होऊ शकते. माती आता निघाली असली तरी तांब्याच्या तारेचा ब्रश फिरवून, नंतर कोरडी चिंधी ओढून ती जागा पुन्हा पाहा. त्या मातीने ओल धरून ठेवलेली असते आणि तिच्याखाली गंजाचे खड्डे पडलेले असू शकतात.

टकटकीबद्दल सांगतो. पुढचे लाकूड काढून नळ्या पुन्हा चढवा, बंदूक बंद करा आणि दस्त्याची मूठ धरून आडवी हलवा. लाकूड असताना त्याच्या दाबामुळे ढिलाई लपते, म्हणून ते काढूनच पाहायचे असते. आता नळ्यांचे बूड आणि त्यांच्यामागची पोलादी भिंत यांमधील फट उजेडाकडे धरून पाहा. पातळ कागदाचा तुकडा मध्ये ठेवून बंदूक बंद केली आणि तरीही तो सहज सरकला, तर बिजागरीची खीळ झिजलेली आहे. अशा बंदुकीत बार उडताना काडतुसाचे बूड मागे सरकते आणि दर वेळी ढिलाई वाढत जाते. यावरचा उपाय म्हणजे जाड खीळ बसवणे किंवा आकड्याचा भाग भरून कानशीने घासून बरोबर बसवणे. हे पाटावरचे काम आहे. त्याला काजळी लावून, बसवून, काढून, पुन्हा घासून दिवस जातात. ते घरी होत नाही.

उजव्या नळीचे कोडे तुम्ही स्वतःच निम्मे सोडवले आहे. तीच काडतुसे डाव्या नळीत उडाली, म्हणजे दोष बंदुकीत आहे. वापरलेल्या काडतुसांची रिकामी नळकांडी ठेवली असतील तर बुडाच्या टोपीवरचा खळगा पाहा. डाव्या नळीतील टोपीवर खोल, गोल खळगा असेल आणि उजवीतील उथळ किंवा एका बाजूला असेल, तर फायरिंग पिनचा ठोका कमी पडतो आहे. स्प्रिंग थकलेली असेल, पिनेचे टोक झिजलेले असेल किंवा पिनेच्या भोकात वाळलेले तेल साचलेले असेल, यांपैकी एक कारण निघेल. तुम्ही लिहिले की वडील जवसाचे तेल लावत असत, तेव्हा माझा पहिला संशय त्यावरच आहे. जवसाचे तेल हवेत वाळते आणि त्याची कातडी होते. रंगाऱ्यांना ते याच गुणासाठी हवे असते. दस्त्याच्या अक्रोडी लाकडाला ते उत्तम, कारण लाकडात मुरून वाळले की पाणी अडते. यंत्रात मात्र तीच कातडी पिनेला धरून ठेवते आणि थंडीच्या रात्री ती आणखी घट्ट होते. यंत्राला शिलाई मशीनचे पातळ तेल, तेही थेंबभर, पुरेसे असते. पेट्रोल किंवा रॉकेल ओतून आतील कातडी घालवण्याचा प्रयत्न करू नका. ती अर्धवट सुटून आणखी आत जाऊन बसते. बाजूचे स्क्रूही उघडू नका. जुन्या विलायती बंदुकीच्या स्क्रूच्या खाचा फार बारीक असतात आणि घरच्या स्क्रूड्रायव्हरने त्या हमखास फाटतात.

दस्त्याच्या चिरेवर अंगठ्याने हलका दाब द्या. ती उघडझाप करत असेल तर आतून पसरलेली आहे आणि बार उडवताना मूठ मोडू शकते. हलत नसेल तर चिकटवून, आतून पितळी पिन घालून दुरुस्त होते. बंदूक नेहमी नळ्या वर करून उभी ठेवल्यामुळे यंत्रातील तेल खाली दस्त्यात उतरते आणि मुठीमागचे लाकूड भुसभुशीत होते, हेही चिरेचे नेहमीचे कारण आहे. तेल लावल्यानंतर पहिले काही दिवस नळ्या खाली करून ठेवाव्यात.

आता काडतुसे. नळ्यांच्या बुडाखालच्या सपाट भागावर ठसे असतील, ते भिंगाने वाचा. जुन्या विलायती बंदुकांपैकी पुष्कळांचे चेंबर (नळीतील काडतूस बसण्याची जागा) अडीच इंची, म्हणजे 65 मिमीचे असते. काडतुसावर छापलेले 70 मिमी हे बार उडाल्यानंतर उलगडलेल्या नळकांड्याचे माप असते. त्यामुळे 70 मिमीचे न उडालेले काडतूस 65 मिमीच्या चेंबरमध्ये अलगद बसते आणि माणूस फसतो. उडाल्यावर त्याचे तोंड पुढच्या अरुंद भागात उघडते, छर्ऱ्यांची वाट आवळली जाते आणि दाब वाढतो. तुमच्या बिजागरीच्या झिजेमागे हेही कारण असू शकते. फुगलेली दोन काडतुसे वेगळी काढा, ती उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नका आणि बंदुकीसोबत दुकानात न्या. नळ्यांवर पिळाची किंवा लाटांची नक्षी दिसत असेल तर त्या जुन्या दमिश्क पद्धतीच्या, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या आहेत. त्यांत आजचे काडतूस अजिबात वापरायचे नसते.

दुकानाकडे निघण्याआधी परवान्यावर लिहिलेले क्षेत्र वाचा. काही परवाने जिल्ह्यापुरतेच असतात. तसा असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधी विचारूनच बंदूक बाहेर न्या. मूळ परवाना सोबत असू द्या, बंदूक रिकामी आणि गवसणीत असू द्या, काडतुसे वेगळ्या पिशवीत ठेवा आणि दुरुस्तीसाठी दिल्याची पावती घ्या.

निवृत्त वनपाल (वाशीम) यांचे उत्तर

तांत्रिक भाग नळीपारखींनी पुरेसा सांगितला आहे, म्हणून मी केवळ कागदांबद्दल लिहितो. तूरवाले भाऊ, तुम्ही पांढरकवड्याचे आहात, म्हणजे टिपेश्वर अभयारण्य जवळ आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 34 नुसार अभयारण्यात किंवा त्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाला आपले नाव वन विभागाकडे नोंदवावे लागते. वडिलांची नोंद असेल तर तुमची आपोआप झाली असे समजू नका. बंदूक वारशाने आली तेव्हा ही नोंद राहून गेल्याची प्रकरणे मी नोकरीत पाहिली आहेत आणि त्या शेतकऱ्यांना पुढे विनाकारण हेलपाटे पडले.

परवानगीपत्रावर कोणत्या प्राण्याचे नाव आहे, कोणते गट क्रमांक आहेत आणि मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे शब्दन् शब्द वाचा. ही परवानगी कलम 11 खाली असते आणि ती पत्रात लिहिलेल्या प्राण्यापुरतीच असते. रानडुकराच्या परवानगीवर रोही येत नाही आणि चितळ तर मुळीच येत नाही. आमच्याकडे कारंजा-सोहोळ परिसरात काळवीट पिकात येते. ते अनुसूची 1 मध्ये, म्हणजे कायद्यातील सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत असल्यामुळे पिकाच्या नुकसानीसाठी त्याच्या शिकारीची परवानगी कायद्यातच नाही. तिथे नुकसानभरपाईचा अर्ज आणि पंचनामा हाच मार्ग आहे. परवानगीने मारलेले जनावरही कलम 39 नुसार सरकारी मालमत्ता असते, तेव्हा त्याला हात न लावता वनरक्षकाला कळवा. मांस वाटून घेतले आणि रीतसर परवानगी असूनही गुन्हा दाखल झाला, असे होऊ देऊ नका.

जागल्या (घाटंजी) यांचे उत्तर

मी शेतकरीच आहे. नळीपारखी काकांच्या उत्तरात अनुभवाची थोडी भर घालतो. 2024 च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी आमच्या भागातील बंदुका आचारसंहितेमुळे ठाण्यात जमा झाल्या होत्या आणि परत मिळाल्या तेव्हा जागलीचे दिवस सुरू झालेले होते. मी घाईने बंदूक घरी आणली आणि त्याच रात्री भरून माळ्यावर चढलो. पहाटे डुकरे आली, चाप ओढला आणि नुसता ‘टक्’ असा आवाज झाला. मी बावचळलो आणि लगेच बंदूक मोडू लागलो. शेजारी बसलेल्या काकांनी माझा हात दाबून धरला आणि नळ्या समोरच्या रिकाम्या धुऱ्याकडे (बांधाकडे) वळवून ठेवायला लावल्या. त्यांचे म्हणणे असे की, काडतूस उशिरा उडू शकते, म्हणून किमान अर्धा मिनिट नळी सुरक्षित दिशेला धरून थांबायचे आणि मगच मोडायचे. ते काडतूस उडाले नाही, पण तो अर्धा मिनिट माझ्या कायम लक्षात राहिला. तेव्हापासून बंदूक कोणाकडूनही परत आली की मी आधी ती पूर्ण तपासतो आणि मगच बाहेर काढतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बार उडाला पण आवाज नेहमीपेक्षा बसका आला, तर दुसरे काडतूस भरण्याआधी नळीतून आरपार पाहायचे. कमी दारूचे किंवा ओल लागलेले काडतूस आपला बुच्चा (दारू आणि छर्ऱ्यांमधला बोळा) नळीतच सोडून देते. रात्री ते दिसत नाही, म्हणून मी खिशात लहान बॅटरी ठेवतो.

तसेच बंदूक तुमच्या नावावर आहे, तर जागलीला तुम्हीच बसा. तुम्ही झोपायला गेलात आणि चुलतभावाने ती हाती घेतली, तर परवान्यावर रिटेनर (मालकाच्या वतीने बंदूक बाळगणारा) म्हणून त्याची नोंद असल्याशिवाय ते चालत नाही. तुरीचे पीक डोक्याएवढे होते आणि आत काय हलते आहे ते दिसत नाही. टिपेश्वरच्या बाजूला ते वाघही असू शकते किंवा शेजारच्या वावरातील पाणी द्यायला निघालेला माणूसही. जनावर पूर्ण दिसल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे हे कळल्याशिवाय मी चापावर बोट नेत नाही.

तूरवाला (पांढरकवडा) यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे एकेक गोष्ट पाहिली आणि काल बंदूक दुकानात देऊन आलो. माझा परवाना राज्यभरासाठी असल्याचे आधी वाचून घेतले होते.

टिचकी मारली तेव्हा नाद स्वच्छ आला. आई स्वयंपाकघरातून विचारत आली की देवघरातली घंटा कोणी वाजवली. नळीत फुगवटा नाही, पण माती होती तिथे तांदळाच्या कणीएवढे तीन खड्डे पडले आहेत. कागदाचा तुकडा मात्र सहज सरकला. बुडाखालच्या ठशांत अडीच इंच स्पष्ट आहे, म्हणजे माझी सगळी 70 मिमीची काडतुसे या बंदुकीसाठी चुकीची होती आणि वडिलांच्या मागे मी तीन हंगाम तीच वापरत आलो. हे लिहिताना अंगावर काटा येतो.

दुकानातील मिस्त्रींनी माझ्यासमोर उजव्या बाजूचे यंत्र उघडले. पिनेभोवती मधाच्या रंगाची, नखाने खरवडता येईल अशी पापुद्र्यासारखी थर धरलेली कातडी होती आणि पिनेचे टोक एका बाजूने चपटे झाले होते. पिन नवी करावी लागेल आणि बिजागरीची खीळही बदलावी लागेल, असे त्यांनी सांगितले. बारा दिवस लागतील. एक शंका उरली आहे: त्या तीन खड्ड्यांसाठी नळी आतून घासून घ्यावी का? आणि बंदूक परत आल्यावर घरी पहिले काय करावे? वन विभागात नाव नोंदवण्याचा अर्ज आज देत आहे. वडिलांचीही नोंद नव्हती असे कळले.

नळीपारखी (नागपूर) यांचे उत्तर

खड्डे तोंडाजवळ, म्हणजे दाब उतरलेल्या भागात आहेत आणि कणीएवढेच आहेत, तर घासू नका. घासल्याने नळीची जाडी कायमची कमी होते आणि जुन्या विलायती नळ्या मुळातच पातळ असतात. मिस्त्रींकडून भिंतीची जाडी तेवढी मोजून घ्या आणि तो आकडा पावतीवर लिहून मागा. खड्ड्यांत ओल आणि काजळी अडकते, म्हणून बार उडवला त्याच रात्री ब्रश फिरवा, सकाळवर टाकू नका.

बंदूक परत आली की आधी कागदाची तीच चाचणी पुन्हा करा. नव्या खिळीवर बंद करताना ती जराशी घट्टच वाटली पाहिजे. काडतुसाच्या मापाचे नकली काडतूस, ज्याच्या बुडात रबर किंवा स्प्रिंग असते, दोन्ही नळ्यांत घालून सेफ्टीचा खटका पुढे-मागे करून चाप पाहा. खटका मागे असताना चाप जोरात ओढला तरी ‘टक्’ येता कामा नये. पुढचा चाप उजव्या नळीचा आणि मागचा डाव्या नळीचा, हेही त्याच वेळी तपासा, कारण दुरुस्तीत यंत्र उघडलेले आहे. रिकाम्या चेंबरवर चाप ओढत बसू नका, नवी पिन त्यानेच मोडते. ठेवतानाही नकली काडतुसांवरच दोन्ही चाप सोडून स्प्रिंगा मोकळ्या करून ठेवा.

65 मिमीची काडतुसे मिळतात, परंतु दुकानदाराला आधी सांगून ठेवावे लागते. जुनी 70 मिमीची काडतुसे शेजाऱ्याला देऊ नका, ती पावतीनिशी दुकानातच जमा करा. कातडी गवसणी प्रवासापुरती ठेवा. कातडे पावसाळ्यात ओल धरते. कपाटात जाड सुती कापडाची गवसणी चांगली, आणि नळ्यांच्या तोंडाला तेलाचा हात दिलेल्या चिंधीचा सैल बोळा लावा म्हणजे कुंभारीण आत जाणार नाही. बोळ्याला हातभर लाल सुतळी बांधून ती बाहेर लोंबू द्या, म्हणजे बोळा नळीतच विसरला जाणार नाही.